औषधाचे मूळ आणि रुग्णाचे व्रत

‘डॉक्टर, यात मांसाहारी काही नाही ना?’ हा प्रश्न आपल्या व्यवसायास नवा नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेला रुग्ण तो विचारतो, जैन कुटुंबातील गृहिणी विचारते, आणि अलीकडे पुण्या-मुंबईत नोकरी करणारा, सुट्टीसाठी गावी आलेला तरुण ‘मी व्हीगन आहे’ असे सांगून विचारतो. नवी नाही ती गोष्ट म्हणजे आपले उत्तर. ‘छे हो, सगळे आयुर्वेदिक आहे,’ असे म्हणून पुडी बांधली जाते. औषधालयाच्या फळीवरही बहुधा हेच उत्तर मिळते. या उत्तरात प्रश्नाचे उत्तर नाही. ‘आयुर्वेदिक’ आणि ‘शाकाहारी’ हे समानार्थी शब्द नव्हेत; ‘शाकाहारी’ आणि ‘व्हीगन’ हेही नव्हेत. तिन्हींची सरमिसळ झाल्याने रुग्णाची फसगत होते आणि वैद्याच्या शब्दाची किंमत उतरते. हे उत्तर आता सोडून द्यावे आणि त्याच्या जागी काय द्यावे हे ठरवावे, असे आमचे मत आहे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. नेवाशाच्या पैस खांबाशी ज्ञानेश्वरीची परंपरा जोडलेली असल्याने वारकरी घराण्यांची येथे वाण नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचा जन्म याच जिल्ह्यातील चिचोंडी येथला, आणि १९९२ साली त्यांनी देह ठेवला तोही नगर शहरातच. जैन समाजाचे येथील स्थान त्यावरून ध्यानी यावे. शिर्डीला देशभरातून आणि परदेशांतून माणसे येतात. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांची ही व्रते जुनीच आहेत. त्यांत एका नव्या व्रताची भर पडली आहे, इतकेच.

तीन व्रते, तीन प्रश्न

वरकरणी हे सर्व रुग्ण एकच प्रश्न विचारतात. नीट पाहिले असता ते तीन निरनिराळे प्रश्न आहेत.

माळकरी विचारतो तो मुख्यतः मांसाविषयी: ‘यात मांस, मासा, अंडे आहे काय?’ दूध, तूप, मध त्यास वर्ज्य नाही. गोमूत्रही तो पवित्र मानतो. जैन रुग्णाचा प्रश्न हिंसेचा आहे: ‘हे मिळविताना जीव गेला काय?’ त्यास तूप चालते, परंतु मध चालत नाही. मद्य, मांस, मधु आणि लोणी यांची गणना त्याच्या परंपरेत महाविगईंमध्ये होते. व्हीगनाचा प्रश्न आणखी पुढचा आहे: ‘प्राण्यापासून काही घेतले आहे काय?’ जीव गेला अथवा न गेला, तो दूधही नाकारतो. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडात घडविला गेला तो याच भेदासाठी. दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारी मंडळींपासून आपण निराळे आहोत, हे त्या लोकांना सांगावयाचे होते.

हे तीन प्रश्न आपल्या नित्याच्या द्रव्यांना लावून पाहावेत. गोघृत पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होते, तिसऱ्यात नाही. मध पहिल्यात उत्तीर्ण होतो. दुसऱ्यात तो कसा काढला यावर विचार करता येईल, कारण पेटीतील पोळ्यांतून यंत्राने काढलेला मध आणि रानातील पोळे पिळून काढलेला मध यांत हिंसेचे प्रमाण सारखे नाही. तथापि जैन आचारात मध मुळातच वर्ज्य असल्याने पेटीचा दाखला देऊन त्या रुग्णास तो घ्यावयास लावणे योग्य नव्हे. लाक्षा ही तर मोठीच अडचण. ती मांस नाही, झाडाच्या फांदीवरून खरवडून आणलेली आहे, म्हणून पुष्कळ जण तिला वनस्पतिज समजतात. वस्तुतः ती कीटकाचा स्राव आहे आणि ती काढताना त्या थरातील कीटक मरतात. लाक्षादी गुग्गुळ अस्थिभग्नाच्या रुग्णास देताना हा विचार कितीजण करतात?

शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ, मौक्तिक ही द्रव्ये समुद्रातील प्राण्यांची कवचे अथवा त्यांची निर्मिती होत. अम्लपित्ताच्या रुग्णास आपण उठता बसता कामदुधा, प्रवाळपंचामृत, शंखवटी, सूतशेखर देतो. या प्रत्येकात ती कमी-अधिक प्रमाणात आहेत. ‘भस्म झाल्यावर त्यात प्राणी कोठे उरला?’ असा युक्तिवाद केला जातो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो खोटा नाही. शंखभस्म हा चुन्याच्या कुळातील पदार्थ आहे आणि त्यात मांसाचा अंश उरत नाही. परंतु हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारणाऱ्याने अग्निसंस्कारानंतर काय उरले हे विचारलेलेच नाही. मूळ कोठले, हे त्याने विचारले आहे.

नावांनी होणारी फसगत

आपल्या द्रव्यांची नावेही या गोंधळात भर घालतात. जटामांसी आणि मांसरोहिणी या नावांत मांस आहे, द्रव्यांत नाही. दोन्ही वनस्पती आहेत. गोदंती म्हणजे गाईचा दात नव्हे, तो खनिज आहे. अश्वगंधा, गोजिव्हा, मंडूकपर्णी, मत्स्याक्षी ही सारी झाडेझुडपे. ही नावे वाचून रुग्ण बिचकतो, तेव्हा त्याचे समाधान करणे सोपे असते.

कठीण आहे ते उलट प्रकारचे अज्ञान. समुद्रफेन हे नाव ऐकून लाटेवरचा फेस डोळ्यांपुढे येतो. तो एका सागरी प्राण्याच्या देहातील कवच आहे. नखी हे सुगंधी द्रव्य तेलांत पडते, तीही सागरी शंखवर्गीय प्राण्याची देणगी. गोरोचन गोवंशाच्या पित्ताशयातील खडा. कुक्कुटाण्डत्वक् भस्म हे नाव संस्कृतात असल्यामुळे सौम्य वाटते. मराठीत ते अंड्याच्या टरफलाचे भस्म आहे. वेष्टनावर संस्कृत नाव छापले की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या औषधनिर्मात्याने हे ध्यानात घ्यावे, की छापलेले सारे रुग्णास कळतेच असे नाही.

जे यादीत दिसत नाही, ते याहून अवघड. गंधकाचे शोधन करताना तो तुपात वितळवून दुधात ओततात. कुचला तुपात भर्जित होतो. वत्सनाभ गोमूत्रात अथवा दुधात शुद्ध होतो. पुनर्नवामंडुरात गोमूत्राचा पाक आहे. गैरिकासारखे निव्वळ खनिज द्रव्यही गोघृतात भाजून शुद्ध करण्याचा प्रघात आहे. म्हणजे ज्यात शंख-प्रवाळ नाही असा लघुसूतशेखरही व्हीगन रुग्णाच्या कसोटीस उतरेलच असे सांगता येत नाही. यादीत ‘शुद्ध गंधक’ एवढेच असते. शुद्धीचे माध्यम नसते. याचा अर्थ स्पष्ट आहे. कज्जलीयुक्त रसकल्पांपैकी जवळजवळ कोणताही कल्प व्हीगन म्हणून सांगता यावयाचा नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. न सांगणे मात्र अयोग्य आहे.

याच्या जोडीला आधुनिक घटक आले. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते जनावरांच्या हाडांपासून अथवा कातड्यापासून झालेले असते. आत शुद्ध गुळवेल सत्त्व असले तरी बाहेरचे कवच पहिल्याच प्रश्नास अनुत्तीर्ण होते. वनस्पतिज सेल्युलोजची कवचे आता बाजारात मिळतात, परंतु दोन्ही दिसावयास सारखी. गोळ्यांत भर म्हणून घातलेले लॅक्टोज दुधाचे. गोळीवरची चकाकी पुष्कळदा लाखेची. हे सर्व घटक विचारल्यावाचून कळत नाहीत.

साखरेविषयीही व्हीगन रुग्ण विचारतात, कारण परदेशांत काही कारखाने साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात. येथे आपण निर्धास्तपणे उत्तर देऊ शकतो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांची परंपरागत पांढरी साखर चुना आणि गंधकाचा धूर यांनी रस स्वच्छ करून बनते. हाडांचा कोळसा त्या कृतीत नाही. गूळ तर शेजारच्या गुऱ्हाळातलाच. माहिती असली की उत्तर देणे किती सोपे होते, याचे हे उदाहरण आहे.

ग्रंथ काय सांगतात

आयुर्वेद म्हणजे केवळ झाडपाला, हा समज ग्रंथांनी निर्माण केलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे जांगम, औद्भिद आणि पार्थिव असे तीन वर्ग सांगितले आहेत. जांगम वर्गात मध आणि दुधापासून पित्त, वसा, मज्जा, अस्थी, शृंग आणि नखापर्यंत सर्व काही आले आहे. आचार्यांनी मूळ लपविले नाही. उलट मुळानुसारच वर्गीकरण केले. ‘हर्बल’ हा शब्द आपल्या शास्त्राला बाजाराने चिकटविला आणि आपण तो मुकाट्याने मिरवला. २००६ च्या जानेवारीत खासदार वृंदा करात यांनी हरिद्वारच्या दिव्य फार्मसीच्या औषधांत प्राण्यांची व मानवी हाडे असल्याचा आरोप केला आणि देशभर वादळ उठले. त्या आरोपाचे खरे-खोटे हा निराळा विषय. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र दिसून आली: आयुर्वेदात जांगम द्रव्ये आहेत, हीच गोष्ट असंख्य लोकांना प्रथमच कळत होती. ती त्यांना सांगण्याचे काम वैद्यवर्गाचे होते.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. वातव्याधीच्या प्रकरणात महामाष तैल दोन प्रकारे येते, मांसासह आणि मांसावाचून. मांसावाचून होणाऱ्या तैलास ‘निरामिष महामाष तैल’ हेच नाव आहे. म्हणजे रुग्णाचे व्रत पाहून कल्प बदलावा आणि तो बदल नावातच सांगावा, ही पद्धत आपली स्वतःची आहे. हिरव्या ठिपक्याच्या कितीतरी आधीची.

या विषयावर बोलताना चिकित्सास्थानातील राजयक्ष्म्याचा अध्याय बाजूला ठेवता येणार नाही. क्षीण झालेल्या रुग्णास मांसाहारी प्राण्यांचे मांस द्यावे, परंतु त्यास किळस येऊ नये म्हणून कावळ्याचे मांस तित्तिराच्या नावाने आणि गांडुळे माशांच्या आतड्यांच्या नावाने द्यावीत, असा उपदेश तेथे आहे. ‘शास्त्रच म्हणते, रुग्णाला सर्व सांगू नये,’ असा आधार काही जण यातून काढतात. तो टिकणारा नाही. तेथील रुग्ण मांस खाणाराच आहे. त्याने मांसत्यागाचे व्रत घेतलेले नाही. त्याची अडचण किळस ही आहे आणि कळल्यास तो ओकून टाकील हे कारण ग्रंथाने दिले आहे. किळस आणि व्रत या दोन वेगळ्या गोष्टी होत. शिवाय ज्या संहितेत हा उपदेश आहे तिच्याच सूत्रस्थानात प्राणवर्धन करणाऱ्या गोष्टींत अहिंसेला सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. मरणोन्मुख रुग्णाकरिता सांगितलेला अपवाद घेऊन वर्षभर अम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या श्रावकापासून प्रवाळ लपवावे, हा ग्रंथाचा अर्थ नव्हे. आजच्या काळात तर रुग्णाची माहितीपूर्वक संमती हा चिकित्सेचा पाया आहे. छद्मास तेथे जागा नाही.

कायदा आणि चिन्हे

औषधविक्रेत्यांच्या दृष्टीने मोठा गोंधळ चिन्हांचा आहे. खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवे आणि मांसाहारासाठी तपकिरी चिन्ह २००१ पासून बंधनकारक झाले. हे चिन्ह खाद्यपदार्थांच्या कायद्यातील आहे. तेथील व्याख्येनुसार अंडे आणि सागरी प्राणी मांसाहारात मोडतात. दूध मोडत नाही, आणि २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार मध, मेण आणि लाख यांनाही मांसाहारातून वगळले आहे. २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र विनियम आले. तेथे दूध, मध आणि कीटकजन्य पदार्थ हे सर्व वर्ज्य. एकाच खात्याच्या दोन नियमांत मध एकदा आत आणि एकदा बाहेर आहे. त्यात विसंगती नाही. दोन प्रश्न निराळे आहेत, एवढेच.

औषधांचे तसे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर सर्व घटकांची खरी यादी, त्यांचे प्रमाण आणि ग्रंथाधार द्यावा लागतो. हिरवे वा तपकिरी चिन्ह मागितलेले नाही. ते असावे असा प्रयत्न झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये, जीवरक्षक औषधे वगळून, प्राणिज घटक असलेल्या औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर तशी खूण करावी असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च २०१३ मध्ये रद्द केला. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी वनस्पतिज कवचे आणावीत, हा विषय २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी लावून धरला होता. औषध हे माणूस आवडीने घेत नाही, गरजेने घेतो, म्हणून त्यास आहाराचे चिन्ह नको, असे या चर्चेत एका बाजूने मांडले गेले.

हा विचार तातडीच्या औषधांपुरता आम्हांस पटतो. परंतु आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण जीर्ण व्याधींचे असतात. सहा-सहा महिने ते औषध घेतात. त्यांना निवड करावयास वेळ असतो, आणि बहुतेक वेळा पर्यायही असतो.

दुसरीकडे, नियम मागत नसतानाही काही उत्पादक औषधांवर आपखुशीने हिरवा ठिपका छापतात. त्याचा परिणाम काय होतो? पतंजलीच्या दिव्य दंतमंजनावर हिरवे चिन्ह आहे, परंतु घटकांत समुद्रफेन आहे, अशी तक्रार करणारी याचिका ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने संबंधितांस नोटीस काढली. निकालाचे भाकीत करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु यादी एक सांगते आणि चिन्ह दुसरे सुचविते, अशी तक्रार उद्भवू शकते, हा धडा लहान औषधशाळांनीही घ्यावा. मोठ्या उत्पादकाकडे वकील असतात. आपल्याकडे असतो तो केवळ शब्द.

यात आणखी एक पेच पडला आहे. मे २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ या नावाने स्वतंत्र विनियम अधिसूचित झाले. ग्रंथोक्त पाककृतींनुसार केलेले पदार्थ त्याखाली खाद्य म्हणून विकता येतात आणि त्यांस खाद्यपदार्थांचे चिन्हविषयक नियम लागू होतात. म्हणजे एकाच दुकानात, एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बरण्यांपैकी एकीवर चिन्ह बंधनकारक आणि दुसरीवर नाही. ग्राहक साहजिकच चिन्ह नसलेल्या बरणीविषयी शंका घेतो. दुकानदाराने अशा वेळी ‘काही नसते हो त्यात’ म्हणून मोकळे होऊ नये. एक बरणी खाद्य आहे, दुसरी औषध आहे, आणि औषधाची यादी ही पाहा, असे सांगावे.

आमचे मत

औषधांवर आहाराचा हिरवा ठिपका लावण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. कारण हा ठिपका आपल्या रुग्णांच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर देतो, आणि तेही अर्धे. मध, लाख, दूध असलेले औषध त्या व्याख्येने हिरवे ठरेल आणि व्हीगन रुग्णास अंधारात ठेवील. लशुनादी वटी निःसंशय हिरवी ठरेल. पण लसूण न खाणाऱ्या जैन रुग्णास आणि चातुर्मास पाळणाऱ्या अनेक माळकऱ्यांस ती चालणार नाही. आल्याच्या रसाच्या भावना असलेली गोळी सुंठ घेणाऱ्या जैन रुग्णास चालेलच असे नाही, कारण ओले आले कंदमुळांत येते. आसवारिष्टांत स्वतःहून निर्माण होणारा मद्यांश असतो. त्याविषयी तर चिन्ह काहीच बोलत नाही. दोन रंगांत मावणारा हा विषय नव्हे.

त्याऐवजी आपल्याच त्रिविध वर्गीकरणाचा आधार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक उत्पादनाच्या वेष्टनावर अथवा सोबतच्या पत्रकावर घटकांचे मूळ सोप्या मराठीत लिहावे. वनस्पतिज आणि खनिज द्रव्ये सांगून झाली की प्राणिज द्रव्यांचे दोन भाग करावेत: जी प्राण्यांपासून मिळतात, जसे दूध, तूप, गोमूत्र, मध, मेण, लाख, आणि जी प्राण्याच्या देहाचा वा कवचाचा भाग आहेत, जसे शंख, शुक्ती, प्रवाळ, समुद्रफेन, जिलेटिन. शोधन, भावना आणि पाक यांत वापरलेली माध्यमे त्याच ओळींत यावीत. एवढे लिहिले की माळकरी, श्रावक आणि व्हीगन, प्रत्येक जण आपापला निर्णय आपल्या व्रताप्रमाणे करू शकेल. ‘शाकाहारी’, ‘व्हीगन’, ‘शंभर टक्के हर्बल’ असे निवाडे आपण देऊ नयेत. मूळ सांगणे हे आपले काम, निवाडा रुग्णाचा.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की शंख-शिंपल्यांचे नाव वाचून रुग्ण पळून जाईल. काही जण औषध नाकारतील, हे खरे. परंतु वर्षभराने दुसऱ्याकडून कळल्यावर तो रुग्ण औषध नाकारणार नाही, वैद्यच नाकारील. आणि गावात ते सर्वांना सांगेल. दुसरा आक्षेप खर्चाचा. चार ओळी छापण्यास नवे यंत्र लागत नाही. तिसरा आक्षेप कृतीच्या गुप्ततेचा. शोधनात दूध वापरले हे सांगितल्याने कोणाची कृती उघड होत नाही. ती ग्रंथांत सर्वांसाठी लिहिलेलीच आहे.

वैद्याचे काम मात्र वेष्टनाने भागणारे नाही. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास औषध कायद्याने निर्मितीच्या परवान्यातून सूट दिली आहे. त्याच्या पुडीवर यादी नसते. म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक. केसपेपरवर ॲलर्जीची जशी नोंद होते, तशी ‘वर्ज्य काय?’ ही एक ओळ असावी. ‘शाकाहारी का?’ असे विचारू नये; त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापला घेतो. दूध, मध, लाख, शंख-प्रवाळ, जिलेटिन, कंदमूळ, आसव यांपैकी काय चालत नाही, असे नावे घेऊन विचारावे. यास दोन मिनिटे लागतात.

पर्यायांची परंपराही आपल्याकडे आहे. भावप्रकाशात अभावी घ्यावयाची प्रतिनिधी द्रव्ये सांगितली आहेत. मधाच्या अभावी जुना गूळ हे त्यांतील सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. मौक्तिकाच्या अभावी मुक्ताशुक्ती सांगितली आहे, पण ती या कामी उपयोगाची नाही, कारण तीही प्राणिजच. प्रतिनिधी द्रव्य गुणांसाठी सांगितलेले आहे, व्रतासाठी नव्हे, हे भान ठेवावे. सितोपलादी चूर्ण मध-तुपाऐवजी कोमट पाण्यातून देता येते. अम्लपित्तात गुडूची, यष्टीमधु, शतावरी, अविपत्तिकर चूर्ण यांवर चिकित्सा रचता येते. मात्र हा बदल वैद्याने विचारपूर्वक करावयाचा आहे. फळीवरच्या विक्रेत्याने ‘यात मोती आहे, हे दुसरे घ्या,’ असे परस्पर सांगून कल्प बदलू नये. तसेच ग्रंथोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या औषधातील द्रव्य बदलून तेच नाव ठेवणे हे उत्पादकासही शोभणारे नाही. मधाविना केलेल्या अवलेहास ‘च्यवनप्राश’ म्हणून विकण्यापेक्षा जुन्यांनी ‘निरामिष’ शब्द जोडला तसा आपणही खुलासा नावात जोडावा. पर्याय नसेल आणि औषध आवश्यक असेल, तर तेही रुग्णास स्पष्ट सांगावे. आजारात व्रतास अपवाद करावा की नाही हे तो ठरवील. त्याच्या गुरूंना विचारावयाचे असेल तर विचारील.

एक सावधगिरी. कस्तुरी, मृगशृंग, काही प्रवाळजाती यांचा विषय या चर्चेत मिसळू नये. तेथे प्रश्न रुग्णाच्या व्रताचा नसून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा आहे. २००१ मध्ये अनेक प्रवाळ आणि शंखवर्गीय जाती त्या अधिनियमाच्या अनुसूचींत आल्या आहेत. रुग्णाची संमती असली तरी बेकायदा द्रव्य कायदेशीर होत नाही. कस्तुरीच्या ठिकाणी लताकस्तुरी घेण्याचा मार्ग मोकळा आहे.

वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगरला आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले आणि ‘आयुर्वेदीय औषधी गुणधर्मशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत लिहून कल्पांचे गुणधर्म सामान्य वैद्याच्या हाती दिले. त्या जिल्ह्यातील वैद्यांनी, आपण देतो त्या औषधांचे मूळ मराठीत सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या संघटनेने रसशास्त्र व भैषज्यकल्पना विषयाच्या अध्यापकांस आणि औषधनिर्मात्यांस एकत्र बसवून नित्य व्यवहारातील शंभर कल्पांची मूळदर्शक यादी तयार करावी. ती या अंकासोबत सभासदांकडे जावी आणि प्रत्येक औषधालयाच्या फळीवर टांगलेली असावी. पुढील वेळी ‘यात मांसाहारी काही नाही ना?’ असा प्रश्न आला, तर ‘सगळे आयुर्वेदिक आहे’ असे न म्हणता यादीवर बोट ठेवून उत्तर देता आले पाहिजे. सभासदांनी आपली मते आणि आपल्या वापरातील कल्पांच्या शोधनविधींची टिपणे संघटनेकडे धाडावीत, अशी आमची विनंती आहे.